दहा किलो आणि दुसरा सेट

परवा एक पेशंट रिपोर्ट दाखवायला आले होते. वय ४७, बँकेत अधिकारी, वजन ९४ किलो, रक्तदाबाची एक गोळी चालू. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी जरा लाजतच विचारलं, "डॉक्टर, रविवारी जिमखान्यावर टेनिस खेळतो. पहिला सेट जिंकतो, दुसऱ्यात पाय उचलत नाहीत. दहा किलो उतरवले तर खेळ सुधारेल का?"

प्रश्न साधा वाटतो, पण टेनिसच्या जगाला त्याचं उत्तर सापडायला शंभर वर्षं लागली. म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगतो.

इंग्लंडमध्ये मेजर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये या खेळाचं पेटंट घेतलं, तेव्हा तो बंगल्यामागच्या हिरवळीवर, चहापानाच्या आगेमागे खेळायचा होता. दम लागणं, घाम येणं हे शिष्टसंमत नव्हतं. तरी शरीराने तक्रार केलीच. १८८३ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव छापून आलं. गंमत म्हणजे कोपराचं हे दुखणं दहा वर्षं आधीच एका जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, आणि ते लिखाणकाम करणाऱ्यांच्या संदर्भात! आजही माझ्याकडे टेनिस एल्बो घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी रॅकेट हातात धरलेली नसते. पोळ्या लाटणं, पिळे काढणं, स्क्रू ड्रायव्हर चालवणं यातूनच तो होतो.

बायकांची अवस्था आणखी बिकट होती. पायघोळ स्कर्ट आणि आत कंबर आवळणारा कॉर्सेट. छातीचा पिंजरा आवळलेला असला की श्वासपटल पूर्ण खाली जात नाही आणि श्वास उथळ होतो. लॉटी डॉड १८८७ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकली. शाळकरी वयामुळे तिला आखूड स्कर्ट घालायची मुभा होती. १९१९ च्या अंतिम सामन्यात वीस वर्षांची सुझान लेंग्लेन पोटऱ्यांपर्यंतच्या पोशाखात, कॉर्सेटशिवाय उतरली. समोर चाळिशीच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होत्या, जुन्या पद्धतीच्या लांब स्कर्टमध्ये. लेंग्लेन जिंकली खरी, पण १०-८, ४-६, ९-७ अशी, आणि तेही दोन मॅच पॉइंट वाचवून. म्हणजे चाळिशीच्या बाईंनी ४४ गेम टिकून दाखवले. (लेंग्लेन मध्येच ब्रँडीचे घोट घेत होती. तेवढा भाग कृपया गिरवू नका.)

१९६८ पर्यंत विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. त्या काळात व्यायाम मनावर घेतला तो ऑस्ट्रेलियाच्या हॅरी हॉपमन यांनी. हा कप्तान आपल्या पोरांना पळवायचा, जिममध्ये घाम गाळायला लावायचा. १९५० ते १९६७ या अठरा वर्षांत ऑस्ट्रेलियाने पंधरा वेळा डेव्हिस कप नेला. आपले रामनाथन कृष्णन त्याच काळातले. ते पिळदार शरीरासाठी कधीच ओळखले गेले नाहीत, तरी १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. १९६६ मध्ये कलकत्त्यात ब्राझीलच्या कॉखविरुद्ध दोन सेट गमावून, चौथ्यात २-५ अशा अवस्थेतून त्यांनी सामना खेचून आणला आणि भारत डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत पोचला. चेंडू कुठे पडणार हे आधी कळलं आणि फटका नेमका गेला, की धावायचं अंतर आपोआप कमी होतं. कौशल्याने दमाची उणीव काही प्रमाणात भरून निघते, ती अशी.

पण किती प्रमाणात? याचं सर्वात चांगलं उत्तर मार्टिना नवरातिलोवा. १९७५ मध्ये, अठराव्या वर्षी, चेकोस्लोव्हाकिया सोडून ती अमेरिकेत राहिली. तिथल्या बर्गर-पिझ्झांनी तिचं वजन वाढवलं. तरीही १९७८ आणि १९७९ चं विम्बल्डन तिने जिंकलं. वजन असताना जिंकता येतं, हे इथे नोंदवून ठेवा. अडचण होती सातत्याची. १९८१ मध्ये ख्रिस एव्हर्टने तिला एका स्पर्धेत ६-०, ६-० असं धुतलं. त्याच वर्षी बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमनने तिला अक्षरशः कामाला लावलं. धावणं, वजनं उचलणं, बास्केटबॉल आणि जोडीला आखीव आहार. १९८३ मध्ये मार्टिना ८६ सामने जिंकली आणि फक्त एक हरली. सर्व्हिस आणि व्हॉली तिच्याकडे आधीपासूनच होती. फरक पडला तो तिसऱ्या सेटमध्येही चेंडूपर्यंत वेळेवर पोचण्यात.

आता आपल्या बँकवाल्यांकडे येऊ. टेनिसमध्ये बहुतेक रॅली दहा सेकंदांच्या आत संपतात, पण तेवढ्यात चार-पाचदा थांबून दिशा बदलावी लागते. सर्व्हिसला वजनाचा फारसा अडसर नसतो. अडसर असतो तो ब्रेक लावताना. ९४ किलोची गाडी थांबवायचं काम मांड्यांचे स्नायू आणि गुडघे करतात. २००५ मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार ज्येष्ठांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं दिसलं. हे नुसतं चालताना! शिवाय चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. एप्रिलच्या उन्हात दुसरा सेट जड जातो, त्यात याचाही वाटा आहे.

मात्र वजनापेक्षा मला त्यांच्या आठवड्याची जास्त काळजी वाटली. सोमवार ते शनिवार खुर्ची, आणि रविवारी एकदम दोन तास जीव तोडून खेळ. १९९३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एरवी व्यायाम न करणाऱ्यांमध्ये जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका शंभरपटीहून जास्त वाढलेला आढळला. आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो जेमतेम अडीचपट होता. घाबरू नका, एका तासाचा मूळ धोका अगदी किरकोळ असतो, त्यामुळे शंभरपट होऊनही तो लहानच राहतो. पण वय ४७ आणि रक्तदाब असताना मी तो पत्करणार नाही. खेळताना छातीत दडपण आलं, हात किंवा जबडा भरून आला, तर स्कोअर काहीही असो, रॅकेट खाली ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

त्यांचा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन्ही ठीक निघाल्या. मग ठरलं ते असं: रविवारची मॅच सहा आठवडे बंद, रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं, आठवड्यात दोनदा मांड्यांचे आणि खांद्याचे व्यायाम, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि भात एक वाटी. मॅच बंद म्हटल्यावर चेहरा पडला त्यांचा. "डबल्सही नाही?" "नाही."

काल फोन आला होता. दोन महिने झालेत, वजन जेमतेम चार किलो उतरलंय. "पण डॉक्टर, या रविवारी दुसरा सेटही काढला," म्हणाले. गोळी मात्र चालूच ठेवायला सांगितली आहे.