फुनाफुटी आंतरराष्ट्रीय विमानतळ

प्रशांत महासागरातील तुवालु या चिमुकल्या देशाचा हा एकमेव विमानतळ. राजधानी असलेल्या फुनाफुटी या कंकणद्वीपात फोंगाफाले नावाचे चिंचोळे बेट आहे, त्यावर तो वसला आहे. फिजीतील सुवाहून पंख्यांची छोटी प्रवासी विमाने आठवड्यातून मोजक्याच वेळा येथे येतात.

धावपट्टी आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकी सैन्य फुनाफुटीवर उतरले आणि नौदलाच्या बांधकाम पथकांनी ती तयार केली. एप्रिल १९४३ मध्ये येथून उडालेल्या विमानांनी जपानच्या ताब्यातील नाउरूवर बॉम्ब टाकले. जपानने लगेच फुनाफुटीवर प्रतिहल्ला केला. त्यात चर्च उद्ध्वस्त झाले. तेथे आसऱ्याला जमलेल्या शेकडो गावकऱ्यांना एका अमेरिकी सैनिकाने वेळीच खंदकांत हलवले होते, म्हणून ते वाचले.

या पट्टीची खरी किंमत मात्र जमिनीने मोजली. फोंगाफाले अगदी रुंद असते तेथेही जेमतेम चारशे मीटर भरते, आणि नेमका तोच भाग सुमारे दीड हजार मीटर लांबीच्या धावपट्टीखाली गेला. माडांच्या बागा गेल्या, पुलाकाचे मळेही गेले. पुलाका हा अळूच्या कुळातला कंद. भूगर्भातील गोड्या पाण्यापर्यंत खड्डे खणून त्यात तो लावतात. धावपट्टीच्या भरावासाठी बेटावर ठिकठिकाणी प्रवाळ उकरण्यात आला. त्यामुळे पडलेले खड्डे युद्धानंतर तसेच राहिले. त्यांत खारट पाणी आणि कचरा साचला, जागेअभावी काठावर घरेही उभी राहिली. अखेर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने, खारकच्छातील वाळू टाकून ते बुजवले गेले.

लोकांनी मात्र ही जागा आपलीशी केली आहे. विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि पट्टी रिकामी होते. एरवी संध्याकाळी येथे फुटबॉल, व्हॉलीबॉल, रग्बी रंगतात, दुचाक्या फिरतात. उकाड्याच्या रात्री काही जण चटई टाकून येथेच झोपतात. एवढी मोकळी सपाट जागा बेटावर दुसरीकडे नाही.

मोठ्या भरतीच्या दिवसांत समुद्राचे पाणी सच्छिद्र प्रवाळातून थेट जमिनीवर उसळते आणि विमानतळाच्या आसपास डबकी साचतात. किनाऱ्यावर बांध घातला, तरी खालून येणारे हे पाणी त्याने अडत नाही.

युद्धकाळात तुवालुच्याच नानुमेआ आणि नुकुफेताऊ या कंकणद्वीपांवरही धावपट्ट्या झाल्या होत्या. त्या आज वापरात नाहीत. त्यामुळे देशाच्या इतर बेटांवर जाणाऱ्याला फुनाफुटीला उतरून पुढे बोटीनेच जावे लागते.