आकाशवाणीच्या धूनकाराचे स्ट्रिंग क्वार्टेट

आमच्या अल्लीपूरसारख्या गावात ज्या घरी पहाटे रेडिओ लागत असे, त्या घराने वॉल्टर कॉफमन यांचे संगीत ऐकलेले आहे. त्यांचे नाव मात्र बहुधा नाही. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी आकाशवाणीची शिवरंजनीतील धून त्यांचीच मानली जाते.

कॉफमन मूळचे बोहेमियातील कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. पुढे १९४६ पर्यंत ते येथेच होते. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली, तिच्या मैफलींत व्हायोलिन असे मेहली मेहतांचे (झुबिन मेहतांचे वडील!).

याच काळात त्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट रचले. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, एवढाच हा संसार. रागाखाली पाश्चात्त्य हार्मनीचे थर रचले, की राग सहसा गुदमरतो. क्वार्टेटमध्ये मात्र प्रत्येक वाद्याला स्वतंत्र सुरावट चालवता येते, पडदे नसल्याने मींड घेता येते, चेलो षड्ज धरून राहू शकतो. आधुनिक युरोपीय रचनाशैली न सोडता रागाच्या चलनाला जागा देण्याचा कॉफमन यांचा प्रयत्न म्हणूनच मला धुनेहून अधिक मोलाचा वाटतो.

दैव असे, की धून घरोघरी पोहोचली आणि क्वार्टेट बासनात राहिले. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये सातव्या व अकराव्या क्वार्टेटचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, तेव्हा कॉफमन यांच्या निधनाला ३६ वर्षे झाली होती.