विद्या बाळ यांची पत्रकारिता

मावळांत पहाटे जात्यावर बसलेली बाई आपलें सासर ओवींतून सांगत असे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगराळ गांवांतून अशा ओव्या जमविण्यास आरंभ केला, व पुढें त्यांची संख्या एक लाखावर गेली. शहरांतील सुशिक्षित घरांत मात्र जातेंही नव्हतें आणि ओवीही नव्हती. तेथील मुकें दुःख छापील पानावर आणणाऱ्या एका संपादिकेविषयीं आज बोलावयाचें आहे.

विद्या बाळ यांचा जन्म १९३७ चा. पुणें नभोवाणीवर कांहीं काळ काम करून १९६४ मध्यें त्या 'स्त्री' मासिकांत आल्या. किर्लोस्करांनीं १९३० मध्यें काढलेलें हें मासिक मध्यमवर्गांत आदरानें वाचलें जाई. परंतु त्याच घरांत एखादी सून छळ सोशीत असेल, ही गोष्ट अब्रूच्या पडद्याआड राही.

१९८२ च्या जूनमध्यें पुण्यांत मंजुश्री नांवाची विवाहित तरुणी विषानें मृत्यु पावली. पतीस सत्र न्यायालयानें फांशीची शिक्षा दिली व उच्च न्यायालयानें ती कायम केली. १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुरावा निःसंशय नाहीं म्हणून त्यास निर्दोष सोडलें. तिनें बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांचा तेथें बारकाईनें विचार झाला. न्यायालयापुढें प्रश्न होता तो हत्येचा. पण तीं पत्रें लिहिणारी जिवंत असतां तिचें ऐकावयास कोण होतें, हा प्रश्न समाजाकडे उरतोच.

विद्याताईंनीं तोच हातीं घेतला. त्यांच्या नारी समता मंचानें 'मी एक मंजुश्री' हें प्रदर्शन महाराष्ट्रांत गांवोगांवीं नेलें. तें पाहून बायका आपापली हकीकत सांगूं लागल्या. त्यांचें ऐकून घेण्यासाठीं पुढें 'बोलते व्हा' केंद्र निघालें. १९८३ मध्यें विवाहितेच्या छळास दंडसंहितेंत ४९८-अ हें स्वतंत्र कलमही मिळालें.

'स्त्री' सोडल्यावर १९८९ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलें, आणि पुरुषांशीं संवादही तितक्याच आग्रहानें चालविला. ३० जानेवारी २०२० रोजीं त्या निवर्तल्या.

मृत्यूची वार्ता दुसऱ्या दिवशीं कोणतेंही वृत्तपत्र छापतें. त्याआधींचा हुंदका ऐकावयास सवड व धैर्य दोन्हीं लागतात. माहेरीं आलेली लेक 'सारें ठीक आहे' म्हणाली, तर तिला आणखी एकदां विचारावें. एवढें तर आपल्या हातीं आहे!