एका निवेदनाची गोष्ट

१३ मे १६१९. नेदरलँड्समधलं हेग शहर. सरकारी वाड्याच्या चौकात फाशीचा नव्हे, शिरच्छेदाचा मंच उभारलेला. ७१ वर्षांचा एक म्हातारा काठी टेकत त्यावर चढला. मी देशद्रोही आहे असं मानू नका, एवढं त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं. मग तलवारीचा एक घाव.

हा कुणी दरोडेखोर नव्हता. योहान फान ओल्डनबार्नेव्हेल्ट. तीस वर्षांहून जास्त काळ हॉलंड प्रांताचा कारभार पाहिलेला माणूस. स्पेनशी १२ वर्षांचा तह घडवून आणणारा. १६०२ मध्ये भांडखोर व्यापाऱ्यांना एकत्र आणून डच ईस्ट इंडिया कंपनी उभी करण्यात पुढाकार घेणारा. आपल्या वेंगुर्ल्यात ज्या डच वखारीचे अवशेष आहेत, ती याच कंपनीची.

मग असं काय झालं? मुळाशी होता एक प्रश्न. माणसाचा उद्धार होणार की नाही हे देवाने आधीच ठरवलंय, की त्यात माणसाचाही काही वाटा आहे?

पोस्ट मोठी आहे, पण वाचा. आजच्या कामाची आहे.

प्रश्न जुनाच. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात यावरूनच वाजलं होतं. सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या कॅल्विनने ठाम मांडणी केली, की कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने जगाच्या आधीच निवडलंय. माणसाच्या पुण्याईशी त्याचा संबंध नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण मानणाऱ्यांना त्यात मोठा दिलासा होता. माझा उद्धार माझ्या डळमळीत मनावर अवलंबून असता तर मी कधीच बुडालो असतो. तो देवाच्या हातात आहे म्हणून मी निर्धास्त.

लायडन विद्यापीठातले प्राध्यापक याकोबस आर्मिनियस यांना हे पटेना. ते स्वतः जिनिव्हातच शिकलेले. त्यांचं म्हणणं होतं, की देवाच्या कृपेशिवाय कुणी तरत नाही हे खरं, पण ती कृपा नाकारण्याची मोकळीक माणसाला आहे. नाहीतर पापाचा दोष शेवटी देवावरच जातो. त्याच विद्यापीठातले प्राध्यापक गोमारस यांना यात उघड पाखंड दिसलं. दोघांचं जुंपलं. १६०९ मध्ये आर्मिनियस वारले, वाद मात्र वारला नाही.

१६१० मध्ये त्यांच्या बाजूच्या चाळीसहून अधिक धर्मोपदेशकांनी पाच कलमांचं एक पत्र हॉलंडच्या सरकारला दिलं. आपल्या भाषेत निवेदन. त्यावरून त्यांचं नावच पडलं रेमॉन्स्ट्रंट, म्हणजे निवेदनवाले. पुढच्याच वर्षी समोरच्यांनी उलट निवेदन दिलं. ते झाले प्रतिनिवेदनवाले.

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. निवेदन दिलं की फोटो काढायचा आणि छापायचा, हे अंगवळणी पडलंय. म्हणून इथे थांबलो. देवाच्या निवडीबद्दलचा अर्ज सरकारकडे का गेला? कारण उपदेशकाचा पगार, प्रार्थनागृहाची किल्ली आणि नेमणूक यांच्या नाड्या तिथे होत्या.

ओल्डनबार्नेव्हेल्टने निवेदनवाल्यांना अभय दिलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सहन करावं, हे त्याचं धोरण. पण ते तो हुकमानेच राबवत होता. लोकांना नको असलेला उपदेशक त्यांच्या माथी बसला की ती माणसं शेजारच्या गावी चालत जाऊन प्रार्थना करायची. सक्तीची सहिष्णुता कुणाला गोड लागणार? त्यात राजकारण मिसळलं. तह नको असलेले, दक्षिणेतून परागंदा होऊन आलेले कट्टर कॅल्विनपंथी, हॉलंडची दादागिरी खुपणारे इतर प्रांत, असे अनेक जण एका बाजूला गोळा झाले. १६१७ मध्ये सेनापती मॉरिस त्यांना उघड मिळाला. या मॉरिसबद्दल एक किस्सा सांगतात, की पूर्वनियती हिरवी असते की निळी हेही त्याला ठाऊक नव्हतं. खरा असो वा खोटा, अर्थ कळण्यासारखा आहे.

त्याच वर्षी हॉलंडने शहरांना स्वतःचे शिपाई ठेवायची मुभा दिली. तिथेच डाव फिरला. १६१८ च्या जुलैत मॉरिसने उट्रेख्तमध्ये ते शिपाई बरखास्त केले आणि ऑगस्टमध्ये ओल्डनबार्नेव्हेल्टला अटक झाली. नोव्हेंबरात डोर्डरेख्त शहरात धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मन संस्थानं इथूनही विद्वान आले. निवेदनवाले तिथे आले ते सभासद म्हणून नव्हे, जवळपास आरोपी म्हणून. जानेवारीत त्यांना बाहेर काढलं. निकाल विरोधात गेला. दोनशेच्या आसपास उपदेशकांची पदं गेली, अनेकांना हद्दपार केलं. सभेतली परदेशी पाहुणेमंडळी परतू लागली आणि चारच दिवसांत तो शिरच्छेद झाला.

त्याचा सहकारी, कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून पळाला. बेत त्याच्या बायकोचा, मारियाचा. पुढे युद्ध आणि शांततेच्या कायद्यावर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याचा आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक आजही आधार घेतात.

आता गंमत बघा. नेमका हाच प्रश्न त्याच काळात रोममध्येही पेटला होता. जेझुइट विरुद्ध डोमिनिकन. जवळपास दहा वर्षं पोपसमोर खल चालला. १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने काय निकाल दिला? काहीच नाही. दोघांनी आपापलं मत ठेवा, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, आणि घरी जा. रोम काही उदार नव्हतं. १६०० मध्येच तिथे ब्रूनोला जिवंत जाळलं होतं. पण या एका प्रश्नापुरतं त्यांना उमगलं, की निकाल न देणं हाही निकाल असतो.

हॉलंडनेही पुढे तेच शिकून घेतलं. १६२५ मध्ये मॉरिस गेला, त्याच्या भावाने सैल धोरण ठेवलं, आणि १६३० मध्ये निवेदनवाल्यांनी ॲमस्टरडॅममध्ये आपलं प्रार्थनागृह थाटलं. तो पंथ आजही आहे. त्यांचे विरोधकही आहेत. प्रश्नही तिथेच आहे, चारशे वर्षांनंतर, न सुटलेला.

दोष फक्त मॉरिसचा नाही. सरकारच्या दारात पहिल्यांदा निवेदनवालेच गेले होते. साहेब आपले होते तोवर ठीक होतं. साहेब बदलले, आणि तोच हात उलटा फिरला.

पुढच्या वेळी धर्माच्या वादात सरकारने निर्णय द्यावा म्हणून निवेदन घेऊन कचेरीत जाल, तेव्हा एवढं आठवा. फोटो काढायला मी येईनच.