बारगळ गढी, तळोदे
नंदुरबार जिल्ह्यातील तळोदे येथील बारगळ जहागीरदारांचे जुने ठाणे. गढी म्हणजे तटबुरुजांनी वेढलेले, लहान किल्ल्यासारखे राहते घर. नीरेकाठच्या होळ गावी 1693 मध्ये जन्मलेल्या मल्हारराव होळकराचे पितृछत्र बालपणीच हरपल्यावर आई त्याला घेऊन खानदेशात तळोद्यास, आपला भाऊ भोजराज बारगळ याच्या आश्रयास आली. भोजराज कदमबांडे सरदारांच्या पदरी घोडदळात होता. मेंढ्या राखणारा भाचाही पुढे त्याच पथकात दाखल झाला. झोपलेल्या मल्हाररावावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका याच मुलखातली. परंतु त्याचे खरे छत्र मामाचे घर हेच होय. भोजराजाने आपली कन्या गौतमाबाई त्याला दिली. खंडेराव हा त्यांचा पुत्र, तर अहिल्याबाई होळकर ही सून.