टर्बो आणि कार्बोरेटर : एका जुन्या पेचाची हकिकत

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना असतो. हवा झपाट्याने दाबली की ती तापते, एवढे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. याच साध्या गोष्टीने मोटारींच्या अभियंत्यांना मात्र बरीच वर्षे झुंजवले. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्स या एकाच कंपनीच्या दोन विभागांनी तिला दोन वेगवेगळी उत्तरे शोधली. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर पुष्कळ शिकायला मिळते.

आधी थोडी पूर्वपीठिका पाहू. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे. अडते ते हवेपाशी. म्हणून तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली तर इंजिनाची शक्ती वाढते. त्यासाठी लागणारी ऊर्जा इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंकडून घ्यावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. बाहेर पडणारे वायू एक पंखा फिरवतात आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबतो. हाच टर्बोचार्जर. १९१८ साली सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पर्वतावर विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडून पाहिला, कारण उंचावरची विरळ हवा विमानांना अपुरी पडत असे. पुढे जहाजांच्या आणि मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत टर्बो चांगला रुळला. मोटारीच्या पेट्रोल इंजिनात मात्र त्याच्या वाटेत दोन अडचणी उभ्या होत्या.

पहिली अडचण कार्बोरेटरची. आता नव्या गाड्यांत तो दिसत नाही. पण जुन्या स्कूटरचा एखादा कार्बोरेटर मेकॅनिककडून आणून मुलांना जरूर दाखवावा. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेगाने वाहते आणि तेथील दाब कमी होतो. शेजारच्या वाटीतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते. म्हणजे पेट्रोलचे सारे मोजमाप या फरकावर चालते. मग टर्बो कोठे बसवायचा?

कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर त्याला नेहमीचीच हवा मिळते आणि त्याचे मोजमाप बिघडत नाही. पण पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जाते, वाट लांबते आणि पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींवर साचू शकतात. शिवाय पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोच्या आत ओढ निर्माण होते आणि दांड्याभोवतीचे वंगण आत येऊ पाहते. याउलट कार्बोरेटर टर्बोच्या पुढे ठेवला, तर वाटीवरही तेवढाच वाढीव दाब द्यावा लागतो. नाहीतर पेट्रोल वर येणारच नाही. वाटीत पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला त्याहून अधिक जोर लागतो आणि प्रत्येक सांधा हवाबंद करावा लागतो. १९६२ साली दोन्ही विभागांनी पहिला, सोपा मार्ग धरला.

दुसरी अडचण सायकलच्या पंपाची. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबतात आणि इंधन शेवटी फवारतात. कार्बोरेटरच्या इंजिनात पेट्रोल हवेत आधीच मिसळलेले असते. हे मिश्रण फार तापले तर ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. इंजिन खडखडते आणि दट्ट्याला इजा होते. याला नॉकिंग म्हणतात.

वर्गात एक हिशोब करून पाहता येईल. हवेतली उष्णता बाहेर जात नाही असे धरू. ३० अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दाब एक-तृतीयांशाने वाढवून दिली, तर ती सुमारे २६ अंशांनी तापते. पुढे सिलिंडरमध्ये ती सव्वादहा पट दाबली की निरपेक्ष तापमान अडीच पट होते. त्यामुळे सुरुवातीचे २६ अंश शेवटी सुमारे ६५ अंश होतात. प्रत्यक्षातला टर्बो आदर्श नसल्याने हवा याहूनही जास्त तापते.

शेव्हरोलेट विभागाने कॉर्व्हेअर गाडीत सरळ उपाय केला. सिलिंडरमधील संपीडन ९ पटींवरून ८ पटींवर आणले. टर्बो मंद असताना इंजिन थोडे सुस्त वाटे. पण शक्ती १५० अश्वशक्तीपर्यंत गेली.

ओल्ड्समोबील विभागाच्या जेटफायर गाडीने संपीडन सव्वादहा पटच ठेवले. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती काढली, आणि उष्णतेवर माठाचा उपाय योजला. पाणी आणि मेथॅनॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण एका टाकीत भरायचे. टर्बोचा दाब वाढला की ते हवेत फवारले जायचे. बाष्पीभवनाने मिश्रण थंड होई. दुसऱ्या महायुद्धातील विमानांत ही युक्ती वापरली गेली होती. टाकी रिकामी झाली तर एक झडप हवा अडवून इंजिनाला सांभाळत असे.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. पण टाकी भरण्याचे काम मालकाकडे आले. लष्करी विमानाच्या दिमतीला रोज तपासणी करणारी माणसे असतात. मोटारीच्या मालकाला पेट्रोलखेरीज दुसरे काही भरायची सवय नव्हती. टाक्या कोरड्या राहिल्या, झडप आपले काम करू लागली आणि मालकांना गाडीच मरगळलेली वाटली. दोन वर्षांत सुमारे साडेनऊ हजार गाड्या झाल्यावर उत्पादन थांबले. १९६५ साली कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. टर्बोची कॉर्व्हेअर मात्र १९६६ पर्यंत बनत राहिली.

दुसरा, अवघड मार्गही पुढे वापरला गेला. १९८० च्या लोटस एस्प्रिट टर्बोत आणि १९८१ च्या मासेराटी बायटर्बोत टर्बो दाबलेली हवा कार्बोरेटरला देत असे. पण तोवर इंधन फवारणारी इंजेक्शन पद्धत पुढे सरकली होती. पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्सही आले. नॉकिंगची चाहूल लागताच साब कंपनीची यंत्रणा टर्बोचा दाब आपोआप उतरवू लागली, आणि कार्बोरेटरची गरज संपली.

पाणी फवारण्याची कल्पना मात्र मेली नाही. २०१५ साली बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएस या गाडीत ती पुन्हा आणली. पाणी मालकालाच भरावे लागते; पण संपले तर इंजिन किती दाब घेईल ते संगणक ठरवतो.

कोणता उपाय बरा, असे विद्यार्थ्यांना विचारावे. बरीच मुले शक्तीचे आकडे पाहून जेटफायरला कौल देतील. तेव्हा दुसरा प्रश्न विचारावा : ती टाकी भरणार कोण? यंत्र आखताना हवेचे आणि उष्णतेचे नियम पाळावे लागतात, तसाच माणसाच्या सवयींचाही हिशोब धरावा लागतो. हा दुसरा हिशोब आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. तो वर्गात आपणच मांडायला हवा.