मोक्षपट, चिंचोके आणि जात

आटगावला एका घराच्या ओटीवर कोळशाने आखलेला पंचवीस घरांचा पट पाहिला होता. सोंगट्यांच्या जागी बांगड्यांचे तुकडे, फाशांच्या जागी फोडलेले चिंचोके. हरणारा पोरगा दर डावाला चिंचोके बदलून मागे. आपल्या हरण्याला काही कारण असलेच पाहिजे, याची त्याला पक्की खात्री!

मोक्षपटाने याच खात्रीला नीतिशास्त्राची बैठक दिली. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. उपलब्ध पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. गंमत अशी की, खेळणाऱ्याला त्या घरापर्यंत नेतात त्या कवड्या, आणि कवड्यांना पापपुण्य ठाऊक नसते.

उत्क्रांतीतला हा कवड्यांचा वाटा मोजण्याचे गणित रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट यांनी १९३०च्या आसपास उभे केले. ते समजायला एक मडके पुरे. त्यात दहा काळे, दहा पांढरे चिंचोके घ्यावेत. एक काढून रंग टिपावा, परत टाकावा. असे वीस वेळा. टिपलेल्या रंगांप्रमाणे नवे मडके भरावे; ती पुढची पिढी. कोणताही रंग सरस नाही, तरी सरासरी २८ पिढ्यांत मडके एकरंगी होते. दोनशे चिंचोके असतील, तर त्यालाच सुमारे २७७ पिढ्या लागतात. याला आनुवंशिक विचलन म्हणतात.

आता मडक्याच्या जागी रोटीबेटीचे व्यवहार आपल्यापुरते ठेवणारी जात घ्या. इरावती कर्वे यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना केली. तो निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. सामाजिक पायरी एकच, तरी या जाती एकमेकींपासून लक्षणीय वेगळ्या आढळल्या. जाती एका मूळ समाजाच्या फाळण्यांतून झाल्या नसून वेगवेगळे गट शेजारी येऊन बसल्याने झाल्या, हे इरावतीबाईंचे जुने प्रतिपादन. या आकड्यांत त्यांना त्याचाच आधार दिसला.

बाईंवर वंशवादाचा आरोप करणे सोपे आहे, पण ते घाईचे होईल. बर्लिनमध्ये ओइगेन फिशर (हे फिशर वेगळे, वंशश्रेष्ठत्व मानणारे) यांच्या हाताखाली कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहिताना, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा गुरूला न रुचणारा निष्कर्ष त्यांनी मांडला होता. अडचण वेगळीच आहे. त्याच १९६८ साली मोतू किमुरा यांनी रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल ना हिताचे ना अहिताचे, निव्वळ योगायोगाने टिकलेले असतात, असा सिद्धान्त मांडला. मग आठ मडकी वेगळी दिसतात ती मुळात वेगळी भरली म्हणून, की एकाच राशीतून भरून नंतर निरनिराळी खेळली गेली म्हणून? नुसत्या आजच्या फरकावरून हे ठरत नाही.

२०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचांवरून दाखवले की, भारतात दोन प्राचीन लोकसमूहांची सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती; त्यानंतर दारे मिटत गेली. या कालखंडाचा अखेरचा भाग म्हणजे सातवाहनांचा काळ. आटगावच्या आग्नेयेला, मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून चढणाऱ्या नाणेघाटात कोरलेला नागनिकेचा लेख त्याच राजवटीचा. कोकणातल्या बंदरांचा माल या वाटेने जुन्नरला चढत होता, तेव्हा मडक्यांची तोंडे अजून पुरती बांधलेली नव्हती. जातीच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा घाट एकदा चढावा.

अर्थात सारेच योगायोगावर सोडता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. आईबापांपैकी एकाकडून ते आले, तर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. दोघांकडून आले, तर आयुष्यभराचा दुर्धर रक्तविकार होतो. हिवतापाच्या रानांत हे जनुक टिकले, वाढले, ते कुणाच्या कर्माने नव्हे आणि निव्वळ दैवानेही नव्हे. ओटीवरच्या त्या पोराची शंका इथे मात्र खरी ठरते: चिंचोका एका अंगाने जड असतो.